अक्षर आणि घन



‘स्फूर्ति’ हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें नदीकांठ येतो, मावळता सूर्य येतो, चांदण्यांत एकटा बसलेला कवि येतो. पण छापखान्यांतल्या शिशाच्या खिळ्यांत आणि कंपासपेटींतल्या गुण्यांतही ती सांपडते असें कोणी म्हटलें, तर ऐकणाराला हंसूं येईल. आज मला नेमकें तेंच सांगावयाचें आहे. मुद्राक्षरांची घडण, जिला टायपोग्राफी म्हणतात, आणि घनवस्तु कागदावर उतरविण्याची आयसोमेट्रिक नांवाची रीति, या दोन विद्या लोक रुक्ष समजतात. मीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत मुलांना चित्रकला शिकविली. ‘मला चित्र येत नाहीं’ असें ठाम सांगणाऱ्या मुलांचें बंद दार बहुधा या दोन किल्ल्यांनींच उघडतें, असा माझा अनुभव आहे.

लहान मूल चित्र काढण्यास कधीं भीत नाहीं. भिंत, फरशी, वडिलांची वही, जें हातीं लागेल त्यावर तें रेघोट्या ओढतें. मग दहा-बारा वर्षांच्या सुमारास एक दिवस असा येतो कीं, आपण काढलेला घोडा खऱ्या घोड्यासारखा दिसत नाहीं हें त्याला कळतें. शेजारच्या बाकावरील मुलाचा घोडा मात्र थोडासा दिसतो. तेव्हां घरांतलें कोणी वडीलधारें सहज म्हणून जातें, “जाऊं दे, तुला हात नाहीं.” हें एक वाक्य पुढें जन्मभर पुरतें. तो मुलगा मोठा होतो, वकील होतो, कारखान्यांत अधिकारी होतो, आणि साठीच्या घरांत पोंचल्यावरही हंसत सांगतो, “चित्रकलेशीं आमचा कधींच संबंध आला नाहीं.” खरें पाहतां संबंध होता; तो तुटला, आणि तुटल्याचें कोणाला वाईटही वाटलें नाहीं.

महाराष्ट्रांतील ज्या घरांतून मुलें शासकीय रेखाकला परीक्षांना बसलीं आहेत, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. या परीक्षांत भूमिति आणि अक्षरलेखन हीं दोन्हीं एकाच प्रश्नपत्रिकेंत घातलेलीं असत. पुष्कळांना ही जोडी चमत्कारिक वाटे. वर्तुळाला स्पर्शिका काढणाऱ्यानें त्याच बैठकींत सुबक अक्षरें कां लिहावीं? मला मात्र ज्यानें ही जोडी जमविली त्याच्या शहाणपणाचें कौतुक वाटत आलें आहे. दोन्हींकडे हाताच्या जन्मजात कसबापेक्षां डोळ्याच्या सावधपणाला अधिक मोल आहे, आणि दोन्हींकडे एक नियम आहे. ज्याला ‘हात नाहीं’ त्याला हा नियमच हात देतो.

प्रथम अक्षराकडे वळूं. आपण रोज शेंकडों अक्षरें वाचतों, पण एकही पाहत नाहीं. वाचणें आणि पाहणें या निराळ्या क्रिया आहेत. ‘व’ हें अक्षर घ्या. त्याच्या पोटांत एक तिरपी रेघ ओढली कीं ‘ब’ झाला. तोच ‘व’ दांड्याच्या डावीकडे ठेवून उजवीकडे एक शेपूट सोडलें कीं ‘क’ झाला. ‘प’च्या पोटांत रेघ आली कीं ‘ष’, आणि दांड्याच्या उजवीकडे वळण आलें कीं ‘फ’. म्हणजे आपली वर्णमाला ही परक्या माणसांची गर्दी नसून त्यांत घराणीं आहेत, भाऊबंद आहेत, तोंडावळे जुळणारे चुलते-पुतणे आहेत. ज्यांचा दांडा उजवीकडे आहे ते ‘ग’, ‘प’, ‘व’ जोडाक्षरांत शिरतांना दांडा टाकून देतात. ‘क’ आणि ‘फ’ यांचा दांडा मधोमध, म्हणून ते शेपटाचा थोडा भाग टाकतात. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’ यांच्याजवळ टाकण्यासारखा दांडाच नाहीं; म्हणून त्यांना पाय मोडून घ्यावा लागतो किंवा दुसऱ्या अक्षराला आपल्या पायाखालीं घ्यावें लागतें. हें इतकें मुलांना दाखविलें कीं पुढचा अर्धा तास वर्गांत शांतता असते. प्रत्येक जण आपल्या नांवांतील अक्षरांचीं नातीं शोधूं लागतो.

या घराण्यांना रूप दिलें तें बोरूनें. बोरूचें टोंक तिरपें कापलेलें असतें, आणि देवनागरीसाठीं तें ज्या बाजूनें कापतात ती बाजू रोमन अक्षरांच्या टांकाच्या उलट आहे. हात त्याच वजनानें सरकत असला तरी एका दिशेची तिरपी रेघ भरदार उमटते आणि दुसऱ्या दिशेची केसासारखी बारीक. अक्षराचा जाडेपणा कोणी लहरीनें ठरविलेला नाहीं. तो एका कापाचा हिशेब आहे. आणि तरीही एकाच बोरूनें लिहिणाऱ्या दोन माणसांचीं अक्षरें कधीं सारखीं येत नाहींत. काप एकच असतो, माणूस मात्र निराळा असतो.

मग छापखाना आला. पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यांत उठवावयाचा आणि त्या सांच्यांत शिशाचा मिश्र धातु ओतावयाचा, म्हणजे खिळा तयार होतो. रोमन लिपीला हें काम सोपें, कारण तिचीं अक्षरें एकामागून एक ओळीनें बसतात. आपली लिपि म्हणजे तीन मजली घर आहे. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर. तळमजल्यावर उकार आणि ऋकार. हीं तिन्हीं मजल्यांचीं माणसें शिशाच्या ताठ चौकोनांत बसवावयाचीं, आणि वरून शिरोरेघ कोठें तुटूं द्यावयाची नाहीं! जुळाऱ्यापुढें म्हणूनच शेंकडों खिळ्यांचे खण असत.

मुंबईच्या जावजी दादाजींनीं हें कोडें सोडविण्यांत आपलें आयुष्य घातलें. लहानपणीं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामाला लागले. पुढें १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांना जोड मिळाली. निर्णयसागरचीं संस्कृत आणि मराठी पुस्तकें ज्यांच्या घरांतील जुन्या कपाटांत अजून असतील, त्यांनीं एक पान उघडून केवळ पाहण्यासाठीं पाहावें. ‘क्ष्म्य’, ‘र्त्स्न्य’ यांसारखीं अवघड जोडाक्षरेंही तेथें गर्दी न करतां उभीं असतात. आज शिशाचे खिळे गेले, अक्षर संगणकावर घडूं लागलें, पण कोडें तेंच राहिलें. र. कृ. जोशी यांनीं संगणकासाठीं ‘मंगल’ हा टाईप घडविला, आणि मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेनें ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे टाईप तयार केले. या मंडळींनाही त्या तीन मजल्यांशींच झगडावें लागलें. बापूराव नाईकांनीं देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. एका लिपीच्या घडणीवर तीन खंड लिहिण्याइतकी सामग्री आहे, ही गोष्टच किती बोलकी आहे!

अक्षरांतून कल्पना कशी फुटते, याचें उत्तम उदाहरण म्हणजे कमल शेडगे (१९३५–२०२०). मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नांवें ते हातानें रेखीत. तीं पाहतांच नाटक विनोदी आहे कीं ऐतिहासिक, करुण आहे कीं रहस्यमय, हें वाचण्याआधीं कळे. चित्र तर कोठेंच काढलेलें नसे. असे तें फक्त अक्षर. मी वर्गांत हाच खेळ मुलांना देत असें. ‘दगड’ हा शब्द असा लिहा कीं तो जड वाटेल, आणि ‘पीस’ असा लिहा कीं तो उडेल. मात्र चित्र काढावयाचें नाहीं, आणि वाचणाराला अक्षर अडतां कामा नये. दुसरी अट फार महत्त्वाची. तिच्यामुळेंच मूल विचार करूं लागतें. ‘पीस’ची वेलांटी थोडी लांबवावी, कीं शिरोरेघ एका टोंकाला उचलावी? येथें घोड्याशीं कोणाची तुलना नसते, म्हणून भीतिही नसते.

आतां घनाकडे येऊं. आयसोमेट्रिक या शब्दाचा अर्थ ‘सममाप’, म्हणजे ज्यांत मापें सारखीं राहतात तें. ही रीति पद्धतशीरपणें मांडली ती इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनीं, १८२२ सालीं. त्यांची अडचण अगदीं घरगुती होती. व्याख्यानाला ते यंत्रांच्या प्रतिकृति दाखवीत. त्या प्रतिकृति ठराविक सुट्या भागांतून जोडीत, आणि व्याख्यान झालें कीं मोडून त्याच भागांतून पुढच्या वेळीं दुसरें यंत्र उभें करीत. मदतनिसांना कोणता दांडा कोठें, कोणतें चाक किती उंचीवर, हें समजेल असें चित्र हवें होतें. डोळ्याला जसें दिसतें तसें चित्र काढावें, तर दूरची वस्तु लहान होते आणि माप बिघडतें. तेव्हां त्यांनीं अशी रीति मांडली कीं जींत जवळचें आणि दूरचें सारखेंच राहील.

तिचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो. लांबी, रुंदी आणि उंची या तीन दिशा कागदावर एकमेकींशीं १२० अंशांचा कोन करतात. उंचीच्या रेषा उभ्या राहतात, आणि उरलेल्या दोन दिशा आडव्या रेषेशीं ३० अंशांनीं उजवीकडे आणि डावीकडे चढत जातात. कंपासपेटींतला ३० आणि ६० अंशांचा गुण्या त्यासाठींच जणूं घडविलेला आहे. वस्तूची कड अशा प्रकारें तिरपी दिसतांना खरोखर १०० ची सुमारें ८२ होते. परंतु तिन्ही दिशांना ती सारख्याच प्रमाणांत घटत असल्यामुळें कारागीर पुरतें मापच घेतात. त्यामुळें ज्याला पट्टी धरतां येते, त्याला ही विद्या येते.

तुम्ही म्हणाल, यांत घरच्या माणसांना ओळखीचें काय आहे? आहे, आपल्या दारांतली ठिपक्यांची रांगोळी. ‘१५ ते ८’ हा प्रकार पुष्कळ भगिनींच्या हातांत बसलेला असेल. मध्यें १५ ठिपक्यांची ओळ, आणि तिच्या वर व खालीं दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेवर एकेक ठिपका कमी करीत ८ पर्यंत जावयाचें. एकूण १६९ ठिपके होतात आणि त्यांचा षट्कोन बनतो. उदबत्तीनें भोकें पाडलेला तो रांगोळीचा कागद, ठिपके समत्रिकोणांत पडलेले असले, तर थेट आयसोमेट्रिकचाच कागद होय. तो पाव वळणानें फिरवून १५ ठिपक्यांची ओळ उभी आणा. आतां षट्कोनाच्या कडा जोडा, आणि मधल्या ठिपक्यापासून तीन रेषा ओढा: एक खालच्या कोपऱ्याकडे, दुसरी वरच्या डाव्या आणि तिसरी वरच्या उजव्या कोपऱ्याकडे. पाहतां पाहतां सपाट रांगोळींतून एक घन वर येईल. त्याची कड सात घरांची, म्हणजे त्याच्या पोटांत ३४३ लहान घन मावतात. ज्या नक्षीवर आपण इतकीं वर्षें फुलें आणि पणत्या काढल्या, तिच्यांत हें सगळें दडलेलें होतें.

आणि दृष्टीची गंमत अशी कीं, तोच घन थोडा वेळ टक लावून पाहिला तर उलटतो. पुढें आलेला कोपरा आंत जातो आणि घनाच्या जागीं खोलीचा कोपरा दिसूं लागतो. असें उलटणें स्वित्झर्लंडच्या लुई आल्बर्ट नेकर या शास्त्रज्ञानें स्फटिकांच्या आकृति पाहतांना टिपलें आणि १८३२ सालीं लिहून ठेवलें. त्याच्या कितीतरी शतकें आधीं इटलींतील पाँपे नगरींत एका घराच्या फरशीवर अशाच घनांची नक्षी बसविलेली होती. स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्डनें १९३४ सालीं, विद्यार्थिदशेंत असतांना, लॅटिनच्या तासाला वहींत चाळा करतां करतां नऊ घनांचा एक त्रिकोण काढला. डोळ्याला तो पटतो, पण जगांत तो बांधतां येत नाहीं. जवळचें आणि दूरचें सारखेंच दाखवावयाचें या नियमांतली फट त्यानें हेरली. पुढें, १९८२ सालीं, त्याच्या देशानें त्याच्या असल्या आकृति टपाल तिकिटांवर छापल्या. नियम ज्याला पुरता कळला, त्यालाच त्याच्याशीं असा खेळ खेळतां येतो.

परंतु या विद्येची माझ्या मतें खरी किंमत दुसऱ्याच एका ठिकाणीं दिसते. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलींत त्याचें सहा माणसांचें कुटुंब राहत असे. चित्रकलेच्या तासाला तो वही उघडीतच नसे. आयसोमेट्रिक शिकवितांना मीं मुलांना आपापली खोली काढावयास सांगितली; एक घर म्हणजे एक फूट, पुढच्या दोन भिंती काढून टाकलेल्या. त्यानें घरीं जाऊन पट्टीनें सगळें मोजलें: पाण्याचें पिंप, आईचें शिवणयंत्र, ट्रंका, माळा, गाद्यांची चळत. चित्रांत चूक काढावयास जागा नव्हती, कारण प्रत्येक रेघ मोजलेली होती. मग त्या चित्राकडे पाहत तो म्हणाला, “सर, माळ्याच्या खालीं खिडकीशीं तीन फूट जागा रिकामी आहे. ट्रंका हलविल्या तर तेथें बसतां येईल.” त्यानें तें चित्र वडिलांना दाखविलें. वडील काम करणारे माणूस. माप त्यांना कळत होतें. रविवारीं ट्रंका हलल्या, आणि त्या वर्षापासून त्या मुलाला अभ्यासाला उजेडाची जागा मिळाली. खोली तेवढीच होती. तिच्याकडे वरून आणि एकदम पाहण्याची दृष्टि मात्र त्या घरांत नवीन आली. स्फूर्तीचें याहून मोठें कार्य मला ठाऊक नाहीं.

या दोन्ही विद्या एकत्र आल्या म्हणजे तर फारच बहार होते. त्या रांगोळींतल्या घनाच्या तीन दर्शनी बाजूंवर आपलें नांव लिहून पाहा. उजव्या बाजूवर शिरोरेघ चढत जाईल, डाव्या बाजूवर उतरत येईल, पण दांडा दोन्हीकडे ताठ उभाच राहील. वरच्या बाजूवर मात्र दोघेही कलतील. ‘ठ’चा गोल वाटोळा न राहतां लांबट होईल. ज्या लिपीचा देह उभा दांडा आणि आडवी शिरोरेघ या दोन दिशांवर उभारलेला आहे, ती घनाच्या बाजूंवर किती सहज बसते पाहा! मग त्याच अक्षराला जाडी द्या. ‘ग’ची भिंत होईल, मात्रेचें छत होईल, उकाराचा जिना होईल. माझ्या वर्गांतील मुलांनीं स्वतःच्या नांवाचे वाडे बांधले आहेत आणि त्यांच्या सज्जांत माणसेंही बसविलीं आहेत.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. पट्टी, गुण्या आणि ठिपके यांच्या आधारानें वाढलेली कल्पना पंगु होणार नाहीं काय? याचें उत्तर आपलें संगीत आणि आपलें काव्य यांनीं केव्हांच दिलें आहे. ताल गवयाला जखडीत नाहीं. समेवर कसें यावयाचें याचें स्वातंत्र्य त्याला तालामुळेंच मिळतें. ओवीला चार चरण आहेत म्हणून जात्यावर बसलेल्या बाईचें दुःख आंखडलें नाहीं. तथापि मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आयसोमेट्रिक चित्रांत दूर जाणारा रस्ता निमुळता होत नाहीं. म्हणून संध्याकाळच्या वाटेची हुरहूर त्यांत उतरणार नाहीं. अक्षरावर फार नक्षी चढविली तर तें वाचतां येत नाहीं, आणि जें वाचतां येत नाहीं तें अक्षर कसलें? या विद्या म्हणजे चित्रकलेचें सर्वस्व नव्हे. पण ज्याला अंगणांतूनच परत पाठविलें होतें, त्याला त्या घरांत घेऊन जाणारा उंबरठा त्या खात्रीनें आहेत.

पूर्वी रंगारी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवी, तेव्हां शाळेंतून परतणारीं मुलें घटकाभर थांबत आणि ‘किराणा’तला ‘कि’ कसा वळतो हें पाहत. आतां बहुतेक पाट्या यंत्रांतून छापून येतात आणि अक्षर घडतांना मुलांच्या दृष्टीला पडत नाहीं. म्हणून तें दाखविण्याचें काम घरांत आपल्यालाच करावें लागेल. त्याला खर्च नाहीं. जुनें पुस्तक, पेन्सिल, पट्टी, गुण्या आणि आजीचा रांगोळीचा कागद एवढें साहित्य पुरे. रोज एक अक्षर नुसतें पाहावें. आठवड्याला घरांतली एक वस्तु, काड्यापेटी, पाट, चौरंग, मोजून काढावी. मुलानें काढावी आणि त्याच्या शेजारीं बसून आजोबांनींही काढावी. आणि घरांतलें कोणी “तुला हात नाहीं” असें म्हणूं लागलें, तर त्याच्याच हातांत तो गुण्या द्यावा.